रेनकोट: तिसऱ्या पावसाळ्यात कडक होणारा माल का टाळावा

मे संपत आला की क्रॉफर्ड मार्केटच्या आसपासच्या गल्ल्यांत आणि दादरला रानडे रोडवर रेनकोट टांगले जातात. दुकानदार रंग विचारतो, साइझ विचारतो. कशाचा आहे असं विचारलं, तर "एक नंबर माल आहे, पाणी जाणार नाही" हे उत्तर ठरलेलं. पहिल्या वर्षी पाणी बहुतेक कशातूनच जात नाही. खरी परीक्षा दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात होते.

सगळ्यात जास्त खपतो तो पीव्हीसीचा. हातात जड, बोटाखाली किंचित चिकट, घडी मोडताना करकरतो. मूळ पीव्हीसी कडक असतं, नळाचे पाइप त्याचेच होतात. त्याला मऊ करायला तेलासारखं द्रव्य मिसळतात, त्याला प्लास्टिसायझर म्हणतात. मऊ पीव्हीसीत हे द्रव्य वजनाच्या 30 ते 40 टक्क्यांपर्यंत सहज असतं. म्हणजे 900 ग्रॅमच्या सेटमध्ये पाव किलोहून जास्त. स्वस्त मालात ते बहुधा थॅलेट गटातलं असतं. त्यातलं नेहमीचं म्हणजे डीईएचपी, धंद्यात त्याला डीओपी म्हणतात.

अडचण अशी की हे द्रव्य प्लास्टिकला रासायनिकरीत्या जोडलेलं नसतं. नुसतं सामावलेलं असतं, आणि वाट मिळाली की बाहेर पडतं. साध्या थंड पाण्यात डीओपी फारच थोडं विरघळतं, त्यामुळे पावसाने लगेच सगळं धुऊन जातं असं नाही. पण गरम पाणी, साबण, अंगाचं तेल, स्कूटरच्या सीटवरचं ग्रीस आणि उन्हाळ्यात पत्र्याखाली तापलेला माळा, यांनी ते झपाट्याने सुटतं. शिवाय घासून निघालेल्या बारीक कपच्या ते बरोबर घेऊन जातात. तिसऱ्या वर्षी कोट कडक होतो, कोपराच्या घडीवर चिरतो, तो यामुळेच. जे द्रव्य गेल्याने कोट मेला, तेच गटारात गेलं.

वासावरून पारख करणारे पुष्कळ आहेत. नव्या कोटाचा तो उग्र वास पीव्हीसीची खूण म्हणून ठीक आहे, पण डीओपीला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. वास येतो तो इतर द्रावकांचा आणि भेसळीचा. म्हणून "बिनवासाचा आहे" हे काही प्रशस्तिपत्र नव्हे. लहान मुलांच्या कोटाला स्ट्रॉबेरीचा सुगंध मारलेला असेल तर तो सरळ परत ठेवा.

आता गटारातलं पुढे कुठे जातं ते. बाथरूममध्ये धुतलेल्या कोटाचं पाणी मलवाहिनीत जातं, शहराच्या मोठ्या भागाचं ते पाणी वरळी आणि वांद्र्याच्या लांब नळांतून समुद्रात सोडतात. रस्त्यावर फाटून पडलेला कोट पर्जन्यजलवाहिनीत जातो, तिथून मिठीसारख्या नाल्या-नदीतून माहीमच्या खाडीत. याच पाण्यात डॉल्फिन राहतात. मुंबईच्या किनाऱ्यावर राहणारा डॉल्फिन म्हणजे हम्पबॅक, शास्त्रीय नाव सूसा प्लंबिया. हा खोल समुद्रात जाणारा प्राणी नाही. साधारण 20-25 मीटरपेक्षा उथळ पाण्यात, खाड्यांच्या तोंडाशी मासे पकडत राहतो. म्हणजे शहराचं पाणी जिथे उतरतं नेमका तिथे. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत तो धोक्यात आलेला आहे, आपल्याकडे 1972च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे.

थॅलेट डॉल्फिनच्या शरीरात पोचतात का, याचं मोजमाप फ्लोरिडातल्या सारासोटा खाडीत झालं. तिथल्या बॉटलनोज डॉल्फिनांचा अभ्यास 1970 पासून चालू आहे, त्यामुळे प्राणी थोडा वेळ धरून लघवीचा नमुना घेण्याची सोय तिथे आहे. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात 17 डॉल्फिन तपासले होते, त्यातल्या 71 टक्क्यांच्या लघवीत थॅलेटचे अवशेष सापडले. हा आकडा वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पीसीबी ही जुनी औद्योगिक रसायनं किंवा डीडीटी चरबीत वर्षानुवर्षं साठतात, थॅलेट सस्तन प्राण्याचं शरीर काही दिवसांत बाहेर टाकतं. तरीही ते सापडतात, याचा अर्थ नवा पुरवठा अलीकडेच झालेला असतो. थॅलेट संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करतात, म्हणून युरोपीय संघाने डीईएचपीसह चार थॅलेटांना जुलै 2020 पासून बहुतेक ग्राहकोपयोगी वस्तूंत वजनाच्या 0.1 टक्क्याची मर्यादा घातली. आपल्याकडे खेळण्यांच्या मानकात थॅलेटची तपासणी आहे, पण रेनकोट काही खेळण्यांत मोडत नाही.

पीव्हीसीची एक बाजू मात्र मान्य करायला हवी. त्याची जोडणी शिलाईने नाही, उष्णतेने होते. सुईची भोकं नाहीत, त्यामुळे शिवणीतून गळती नाही. मासळी बाजारात किंवा बर्फाच्या पाण्यात दिवसभर उभं राहायचं असेल, तर जाड पीव्हीसीला तोड देणं कठीण. तिथे घ्याच, फक्त घाऊक विक्रेत्याला विचारा: "डीओपीचा की डीओटीपीचा?" डीओटीपी या थॅलेट गटात येत नाही. किरकोळ दुकानदाराला बहुधा सांगता येणार नाही, घाऊकवाल्याला येऊ शकतं. बाकी सगळ्यांसाठी पीव्हीसीला 5 पैकी 2.

दुसरं प्लास्टिक ईव्हीए. त्याचा कोट हलका, दुधी, बोटाने ओढला तर थोडा ताणतो. याचा मऊपणा मुळातल्या रेणूतच असतो, त्यामुळे प्लास्टिसायझर लागत नाही. लेबलवर ईव्हीए किंवा पीईव्हीए असं असतं. शाळकरी मुलांना आणि स्टेशनपर्यंत चालणाऱ्यांना पुरेसा. तक्रारीही ठरलेल्या: बटण ओढलं की भोक फाटतं, काखेतली जोड उसवते, आणि फाटल्यावर गोंद धरत नाही. घेताना बटणाखाली जाड पट्टी आहे का ते पाहा. ती नसेल तर सोडून द्या. 5 पैकी 3.

पीव्हीसी की ईव्हीए हे घरी ओळखायचं तर आतल्या काठाचा नखाएवढा तुकडा कापा. वाटीत पाणी, त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, तुकडा बुडवून बुडबुडे झटका. पीव्हीसी तळाशी जातं, ईव्हीए आणि पॉलिथिन तरंगतं. साबण नसेल तर पीव्हीसीचा पातळ तुकडाही पाण्याच्या पृष्ठभागावर राहतो आणि फसवतो. कापड असलेल्या कोटाला ही चाचणी लावू नका, नायलॉन आणि पॉलिस्टर तसेही बुडतात. जाळून पाहण्याचा उद्योग तर नकोच, पीव्हीसी जळताना हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ आणि डायॉक्सिन सुटतात.

दुचाकीसाठी मात्र पीयूचा (पॉलियुरेथेनचा) लेप दिलेला नायलॉन किंवा पॉलिस्टर. तीन गोष्टी बघा. लेबलवर पाणी अडवण्याची क्षमता (कापड किती उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब सोसतं ते) किमान 3,000 मिमी हवी, 5,000 असेल तर उत्तम, कारण ओल्या सीटवर बसलं की पाण्याचा दाब कितीतरी वाढतो. आतली प्रत्येक शिवण पट्टीने झाकलेली हवी, विशेषतः पँटच्या बैठकीची. आणि चेनवर आतूनही एक फडकं हवं. दुकानात कोट उलटा करून बघायला लाजू नका. बाहेरच्या पाणी झटकणाऱ्या लेपात पूर्वीपासून पीएफएएस ही फ्लोरिनयुक्त रसायनं वापरतात, तीही डॉल्फिनांच्या शरीरात जगभर सापडली आहेत, आणि ती थॅलेटांसारखी लवकर जात नाहीत. म्हणून "पीएफएएस-फ्री" लिहिलेला मिळाला तर तोच घ्या.

या कोटाचा शत्रू मुंबईची दमट हवा. ओला कोट डिकीत किंवा पिशवीत कोंबून ठेवला की पीयू हळूहळू फुटतो, आतून चिकट होतो, शिवणीची पट्टी सोलून येते. सावलीत पूर्ण वाळवून सैल टांगला तर बरीच वर्षं टिकतो. धुवायचा तो हाताने. वॉशिंग मशीनमध्ये लेपही जातो आणि धागेही सुटतात. 2024 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सारासोटा आणि लुइझियानातल्या 11 डॉल्फिनांचा उच्छ्वास तपासला, त्यात सूक्ष्म प्लास्टिक मिळालं, त्यात पॉलिस्टरही होतं. या कोटाची किंमत पीव्हीसीच्या दुप्पट-तिप्पट, पण वर्षाला भागली तर स्वस्तच. 5 पैकी 4.

पन्नास रुपयांच्या पातळ पॉलिथिनच्या कोटाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. दादरच्या पुलावर चढेपर्यंत टिकतो.

घरात पीव्हीसीचा चांगला कोट असेल तर तो टाकून नवा आणू नका, त्याने काहीच साधत नाही. थंड पाण्याने, साबण न लावता, फडक्याने पुसा. इस्त्री, रॉकेल, थिनर लांब ठेवा. पावसाळा संपला की टाल्कम पावडर भुरभुरवा आणि सुती कापडात सैल गुंडाळून कपाटात ठेवा, माळ्यावर नाही. दुसऱ्या प्लास्टिकला चिकटून ठेवला तर प्लास्टिसायझर त्यात उतरतं आणि दोन्ही चिकटतात. डांबराच्या गोळ्या अजिबात नकोत, त्यांच्या वाफेने प्लास्टिक विरघळल्यासारखं होतं. फाटला तर पीव्हीसीचाच तुकडा व्हिनाइलच्या गोंदाने लावा. झटपट चिकटवणारा गोंद वाळून कडक होतो आणि त्याच्या कडेने पुन्हा फाटतं. अगदीच गेला तर सुक्या कचऱ्यात वेगळा बांधून द्या आणि वर पीव्हीसी असं लिहा, कारण दुसऱ्या प्लास्टिकच्या घाण्यात तो मिसळला की वितळताना सगळा घाणा नासतो.