6/9 ची झाली 6 सप्टेंबर, म्हणून लिब्रेऑफिस बेस आणि मारियाडीबी

आमचे हे डोळ्यांचे डॉक्टर, आणि मी त्यांच्या दवाखान्याची बिनपगारी मॅनेजर. काउंटरवर एक मुलगी, चष्म्याचा नंबर काढायच्या खोलीत एक मुलगा, आत हे. तिघांसमोर तीन कॉम्प्युटर, आणि तिघं मिळून एक्सेलसारख्या एकाच शीटमध्ये लिहायचे.

सहा मीटरवरून पेशंटला जी ओळ वाचता येते ती चांगल्या डोळ्याला नऊ मीटरवरून दिसते, हा 6/9 चा अर्थ. शीटने त्याची परस्पर 6 सप्टेंबर केली. 6/12 ची 6 डिसेंबर. तो कॉलम आधीच ‘टेक्स्ट’ करायला मी विसरले होते, चूक माझीच. पुढे कुणीतरी फक्त नावांचा कॉलम अकारविल्हे लावला आणि एकाचा चष्मा दुसऱ्याच्या नावावर चढला. तो रविवार मी केसपेपरांचे गठ्ठे घेऊन जमिनीवर बसून काढला.

मग भाच्याने लिब्रेऑफिस बेस आणि मारियाडीबी बसवून दिलं. दोन्ही फुकट. बेस म्हणजे समोर दिसणारे फॉर्म, मारियाडीबी म्हणजे माहितीचं कोठार. ते एका जुन्या डेस्कटॉपवर, आणि बाकीचे कॉम्प्युटर राउटरवरून त्याला जोडलेले. एक सांगून ठेवते: नुसतं बेस घेऊन त्याच्याच फाईलमध्ये माहिती भरायला जाल तर फसाल. ती फाईल एका वेळी एकालाच नीट वापरता येते. एकाहून जास्त माणसं लिहिणार असतील तर मागे असं कोठार लागतंच.

खरं काम सॉफ्टवेअर बसवण्यात नाही, कुठली माहिती कुठे ठेवायची हे ठरवण्यात आहे. मी आधी मोबाईल नंबरालाच पेशंटची ओळख करणार होते. पण आमच्याकडे सासू, सून आणि नातू एकाच नंबरावर येतात! शेवटी प्रत्येकाला आपोआप पडणारा क्रमांक दिला, तोच केसपेपरवर लाल शाईने लिहितो. वयही काढून टाकलं, कारण ते दरवर्षी खोटं ठरतं. आता अंदाजे जन्मसाल विचारतो. नव्वदीच्या आज्यांना तेही सांगता येत नाही, मग थोरल्या लेकाच्या वयावरून काढायचं.

प्रत्येक खोलीचं टेबल, म्हणजे कोठारातला नोंदींचा तक्ता, वेगळं. काउंटरवाली भेट नोंदवते, मुलगा नंबर भरतो, हे निदान. एकाच्या ओळीत दुसऱ्याचा हात नाही. परवानग्याही तशाच, निदानाचं टेबल काउंटरवरून उघडतच नाही. सिलिंडरचा अ‍ॅक्सिस, म्हणजे तिरप्या नंबराचं भिंग चष्म्यात किती अंशांवर बसवायचं तो कोन, 1 ते 180 मध्येच हवा, ही अट थेट कोठारातच घातली आहे. 190 टाकलं की नोंद घेतच नाही. मुलाला सुरुवातीला याचा राग यायचा. भिंगाचा नंबर पाव-पावच्या टप्प्यांच्या यादीतून निवडायचा, म्हणजे 1.52 वगैरे प्रकार बंद. आणि 6/9 हे 6/9 च राहतं.

आमच्याकडे लाईट कधीही जाते. मारियाडीबीत नोंद अर्धवट राहत नाही, एक तर पूर्ण जाते नाहीतर जातच नाही. तरी कोठाराच्या डेस्कटॉपला यूपीएस लावाच. रोज रात्री बॅकअप पेनड्राइव्हवर, आणि तो पेनड्राइव्ह घरी माझ्या कपाटात.

कमी काय? फॉर्मचं रूपडं जुनाट आहे. काउंटरवर नवा पेशंट नोंदवला तरी आतल्या पडद्यावर तो आपोआप उगवत नाही, रिफ्रेश दाबावं लागतं. यांना ते अजून लक्षात राहत नाही, आतून “पुढचा कोण?” अशी हाक येतेच. मोबाईलवरून भरायचं असेल तर हे नव्हे. आणि घरात निस्तरणारा भाचा नसेल तर आधी तो शोधा.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या पेशंटने कागद मागितले तर नियमाप्रमाणे 72 तासांत द्यावे लागतात. पूर्वी त्यातले निम्मे तास माळ्यावर जायचे. परवा एक आजोबा आले, केसपेपर हरवलेला, क्रमांक आठवत नाही. जन्मसाल आणि गाव टाकलं, चार नावं आली, तिसरे आजोबा हेच. चहा यायच्या आत छापील कागद त्यांच्या हातात होता.

पाचपैकी चार. एक तारा त्या रिफ्रेशचा कापला.