जीटीएफएस की नेटेक्स: बसचं वेळापत्रक कुठल्या साच्यात?
जीटीएफएस म्हणजे बस-रेल्वेची वेळापत्रकं संगणकाला कळतील अशी मांडायचा ठरलेला साचा. त्याची सुरुवात 2005 मध्ये, अमेरिकेतल्या पोर्टलंडची वाहतूक संस्था ट्रायमेट आणि गूगल यांनी मिळून केली. सगळा मामला झिपमधल्या साध्या मजकूर फायलींचा: थांबे, मार्ग, फेऱ्या, वेळा. एक्सेल येणारा कारकूनसुद्धा फाईल उघडून चूक शोधू शकतो. रात्री सव्वा वाजताची फेरी आदल्या दिवसाच्या खात्यात धरायची असेल, तर वेळ सरळ 25:15:00 लिहायची. दिसायला विचित्र, पण उशिराच्या गाड्यांचा घोळ मिटतो.

नेटेक्स हे अशाच कामाचं युरोपचं प्रमाण (स्टँडर्ड), एक्सएमएल या खुणांच्या संगणकी भाषेतलं. स्थानकातले जिने, लिफ्ट, भाड्याचे किचकट नियम, सगळं त्यात बारकाईने मांडता येतं. यातलं थोडंफार आता जीटीएफएसमध्येही आलंय म्हणा. पण नेटेक्सचा आवाका इतका मोठा, की देशोदेशी आपापली ‘प्रोफाइल’, म्हणजे त्यातलं काय आणि कसं वापरायचं याची आवृत्ती, बेतावी लागते. म्हणजे प्रमाणातही पोटप्रमाणं आलीच!

नॉर्वेची सरकारी कंपनी एन्टूर देशभरातली माहिती नेटेक्समध्ये गोळा करते आणि जीटीएफएसमध्येही देते. पैसा आणि माणसं असतील तर हे उत्तमच. नवख्या महापालिकेने मात्र गुमान जीटीएफएस धरावं, आणि निविदेत लिहून घ्यावं: माहिती महापालिकेच्या मालकीची, ठेकेदाराच्या नाही.