9900 छापलेला सेल आणि दोन तासांत विझलेला दिवा

लिहायला लाज वाटते, तरी लिहितो. सोल्डरिंग करायला लागून मला पंधरा वर्षं झाली, ओहमचा नियम झोपेतून उठवून विचारला तरी सांगेन, आणि मीच ऑनलाइन बारा बनावट लिथियम सेल विकत घेतले. प्रत्येकावर ठळक छापलेलं: 9900 एमएएच, म्हणजे मिलिअँपिअर-तास, सेलमध्ये किती वीज साठते त्याचं माप.

वीज गेली की आईच्या खोलीत रात्रभर उजेड राहावा, एवढंच मला हवं होतं. 20 पांढरे एलईडी, प्रत्येकाला प्रवाह आवरणारा स्वतंत्र 47 ओहमचा रेझिस्टर आणि एक 18650 सेल, म्हणजे लॅपटॉपच्या बॅटरीत असायचा तो नळकांड्यासारखा लिथियम सेल. पांढऱ्या एलईडीला साधारण 3 व्होल्ट लागतात, सेल सरासरी 3.7 देतो. उरलेले 0.7 व्होल्ट रेझिस्टरवर पडतात, म्हणजे एलईडीमागे 15 मिलिअँपिअर, एकूण 300. आता 9900 ला 300 ने भागा. 33 तास! मी असे पाच दिवे बनवले, चार ओळखीतल्या वयस्कर माणसांना दिले, आणि प्रत्येकावर माझ्या हाताने लिहिलं: ‘30 तास’.

आईचा दिवा दोन तासांत विझला. रात्री एकला वीज गेली होती. तीनच्या सुमारास मला जाग आली तेव्हा आई अंधारात भिंत धरून उभी होती. पडली नाही, एवढंच नशीब.

ज्या क्षणी कळायला हवं होतं, तो क्षण मी रोज आठवतो. सेल आल्या दिवशी पहिला चार्जरला लावला. चार्जर 500 मिलिअँपिअरचा. 9900 भरायला त्याला वीस तास लागले पाहिजेत. सव्वा तासात हिरवा दिवा लागला, आणि मला आनंद झाला! ‘किती लवकर भरतो,’ असं मी आईला बोलूनही दाखवलं. सव्वा तास गुणिले 500 म्हणजे जेमतेम 625. हा गुणाकार शाळेतलं पोर करेल. मी केला नाही, कारण मला तो करायचाच नव्हता. दिवे बनवायची घाई झाली होती.

त्याच्याही आधी हाताला कळलं होतं. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेला सेल शेजारीच पडला होता, तो जड लागत होता. चांगला 18650 साधारण 45 ते 50 ग्रॅम भरतो. हे नवे सेल नंतर तोलले तर 26 ग्रॅम. वजनकाटा घरातच होता.

कोणी म्हणेल, 18650 मध्ये फार तर 4000 च्या आसपासच मजल जाते हे तुला माहीत नव्हतं? माहीत होतं. पण रोज कुठे ना कुठे नव्या बॅटरीची बातमी वाचतो, वाटलं काहीतरी सुधारलं असेल. शिवाय खाली शेकडो लोकांनी पाच तारे दिले होते. आता ते अभिप्राय पुन्हा वाचले, तर निम्म्यांत एकच कौतुक: ‘लगेच चार्ज होतो’. अभिप्राय वाचताना हे वाक्य दिसलं की तिथूनच परत फिरा.

क्षमता मोजणाऱ्या चार्जरवर बाराही सेल एकेक करून मोजले. सर्वांत कमी 540, सर्वांत जास्त 655, आईच्या दिव्यातला 612. बाराही मिळून 7240. म्हणजे बारा सेल एकत्र केले तरी एकावर छापलेला आकडा भरत नाही.

विक्रेत्याने आधी सांगितलं, ‘तीन वेळा चार्ज करा, क्षमता उघडेल.’ लिथियम सेलमध्ये असं काही उघडत नसतं, ही थाप ऐकून घेऊ नका. मग म्हणाला चार्जर खराब आहे. मग दहा टक्के पैसे परत देतो, पण पाच तारे द्या. संकेतस्थळाच्या मदत विभागाचा प्रश्न: दिवा लागतो का? लागतो. मग वस्तू सदोष नाही! परतीची मुदत सात दिवसांची, माझी मोजणी संपली नवव्या दिवशी. मोजणीचे फोटो पाठवले, तर पूर्ण चाचणीचा सलग व्हिडिओ मागितला. तो अपलोड करायला गेलो तर एक मिनिटाची मर्यादा. बँक म्हणाली, वस्तू पोहोचली आहे, व्यवहार वैध आहे. ग्राहक तक्रार केंद्राने ‘एमएएच म्हणजे काय’ असं विचारलं, मी दोन पानं समजावून लिहिलं, आणि अकराव्या दिवशी ‘तक्रारीचं निवारण झाले’ असा संदेश आला. कसलं निवारण? कुणाचं? दुधात पाणी मिसळलेलं यांना कळतं, 9900 च्या जागी 612 दिले तर ती चोरी कुणालाच दिसत नाही. पोलिसांचं उत्तर तर एका ओळीचं होतं: पैसे तुम्हीच राजीखुशीने दिलेत.

सेल आला की पहिल्या दिवशी तोला. दुसऱ्या दिवशी मोजा. परतीची मुदत संपायच्या आत. सेल उघडून पाहायच्या फंदात पडू नका, लिथियम पेट घेतो. असे सेल इतरांनी उघडले तेव्हा आत छोटा सेल आणि भोवती पांढरी भुकटी निघाली आहे, तेवढा पुरावा मला पुरे. कचऱ्यातही टाकू नका, बॅटऱ्या गोळा करणाऱ्यांकडेच द्या. बटण सेलवर ‘कित्येक रात्री’ चालणाऱ्या दिव्यांच्या माळांचंही तेच: सीआर2032 या नाण्याएवढ्या बटण सेलमध्ये सुमारे 220 एमएएच असतात, तेही अगदी थोडा थोडा प्रवाह घेतला तर.

आईच्या दिव्यात आता 2600 चा सेल आहे, मी स्वतः मोजलेला. साडेआठ तास चालतो. दिलेल्या चारपैकी तीन दिवे परत आणून सेल बदलले, ‘30 तास’ खोडून ‘8 तास’ लिहिलं. चौथा दिवा घेऊन त्या बाई प्रवासाला गेल्या आहेत. तीनदा फोन केला, लागत नाही.