पाच महिने पाठीवर: चाळीस लिटरच्या सॅकचा वापरानंतरचा अनुभव

नोव्हेंबर 2024 च्या सुरुवातीला ही सॅक पाठीवर टाकून मुंबईहून बँकॉकला गेले आणि मार्च 2025 संपता संपता क्वालालंपूरहून परत आले. मधे थायलंड, लाओस, व्हिएतनाम, कंबोडिया, परत थोडं थायलंड आणि मग मलेशिया. एकटीच होते. जाता-येताची विमानं सोडली तर सगळा प्रवास बस, ट्रेन, बोट, नाहीतर कुणाच्या तरी बाईकमागे. त्यामुळे सॅकचे जेवढे हाल व्हायचे तेवढे झालेत.

ब्रँडचं नाव लिहीत नाही. पुढे चेनचं प्रकरण येणार आहे, आणि एका नगावरून अख्ख्या कंपनीला नावं ठेवायची माझी तयारी नाही. पुढून सुटकेससारखी उघडणारी, चाळीस लिटरची, कमरपट्टा असलेली, रिकामी असताना 1.4 किलो भरणारी, साडेसहा हजारांची सॅक. एवढी ओळख पुरे.

घेतली दादरला. दुकानातला मुलगा ऐकायलाच तयार नव्हता. "ताई, पाच महिने चाललाय ना? मग पासष्ट लिटर घ्या, नंतर पस्तावाल." त्याने एका पासष्टीत दोराची वेटोळी आणि दोन तंबू कोंबले आणि माझ्या पाठीवर चढवली. दुकानातल्या दुकानात दोन चकरा मारल्या तर खांदे भरून आले. पट्टा कमरेवर बसायच्या ऐवजी पार खाली घसरून मांड्यांवर आपटत होता. गल्ल्यावरचे काका हे सगळं बघत होते. ते मोजपट्टी घेऊन आले आणि म्हणाले, "मान खाली घाला बघू." मान वाकवल्यावर तिच्या मुळाशी जे हाड वर येतं, तिथून खाली कमरेच्या दोन्ही हाडांच्या वरच्या कडांना जोडणाऱ्या रेषेपर्यंत मोजायचं. माझी पाठ भरली 43 सेंटीमीटर. मला दिलेली सॅक 48 च्या पुढच्या पाठीसाठी होती. "लिटर नंतर बघा, आधी पाठ बघा," एवढं बोलून काका परत गल्ल्यावर.

या सगळ्या लिखाणातलं कामाचं वाक्य काकांचंच आहे. ओझं कमरेच्या हाडांनी पेलायचं असतं, खांद्यांनी ते फक्त सावरायचं. पाठीच्या मापाची सॅक नसेल तर पट्टा जागेवर बसत नाही आणि सगळा भार खांद्यांवर येतो. मी कॉलेजपासून राजमाची, हरिश्चंद्रगड करत आले, पण हे मला ठाऊक नव्हतं. माझ्या जुन्या हॅवरसॅकचा कमरपट्टा तर मी कात्रीने कापून टाकला होता, कारण भांडुपला उतरताना तो लेडीज डब्यात कुणाच्या ना कुणाच्या पर्सला अडकायचा.

चाळीस लिटरमध्ये पाच महिने मावतात का, हा प्रश्न मला आईपासून सोसायटीच्या वॉचमनपर्यंत सगळ्यांनी विचारला. मावतात, कारण कपडे पाच महिन्यांचे नेतच नाही आपण, नेतो पाच दिवसांचे. चार टीशर्ट, दोन पँट, एक पातळ जॅकेट, चपला, औषधं, पटकन सुकणारा टॉवेल, आणि आईने "असू दे गं" म्हणत खुपसलेली मेतकुटाची पिशवी. निघताना सॅक 9 किलो होती आणि बहुतेक विमान कंपन्या केबिनमध्ये 7 किलोच्या वर नेऊ देत नाहीत. आकाराने सॅक वरच्या कप्प्यात आरामात जाते, काट्यावर मात्र पकडली जाते. मी जॅकेटच्या खिशांत चार्जर आणि पॉवरबँक भरून कशीबशी निभावली. येताना सरळ पैसे भरून सामान टाकलं. तो तमाशा दुसऱ्यांदा करण्यात अर्थ नव्हता.

पुढून उघडण्याची सोय हा या सॅकचा सगळ्यात मोठा गुण. आठ जणींच्या डॉर्ममध्ये रात्री अकराला पोचल्यावर मोबाइलच्या उजेडात ब्रश शोधायचा असतो, तेव्हा वरून तोंड असलेल्या सॅकवाल्या सगळं पोतं फरशीवर ओततात. मी चेन ओढायचे, ब्रश काढायचे, झोपायचे. एक गोष्ट मात्र पाळायची: सॅक कधीही पलंगावर ठेवायची नाही. ढेकूण एकदा शिवणीत शिरले की घरापर्यंत येतात, आणि मुंबईत वाढलेल्या माणसाला ढेकणांविषयी जास्त काही सांगायला नको.

च्यांग माईला पोचले तेव्हा लॉय क्राथोंग होता, म्हणजे आपली त्रिपुरी पौर्णिमा. तिथे नदीत द्रोण सोडतात, आपल्याकडे देवळात दीपमाळा लागतात, दिवस एकच. तिथून च्यांग खोंगला, पूल ओलांडून लाओसमधलं ह्वाय साय, आणि मग मेकाँगमधून दोन दिवस लुआंग प्रबांगपर्यंत बोट. मधली रात्र पाकबेंगला. सॅका बोटीच्या मागच्या बाजूला एकावर एक रचतात. माझी सगळ्यात खाली होती, वरती कुणाच्या तरी तांदळाच्या गोण्या. बुडाचं कापड जाड, 420 डेनियरचं (डेनियर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप), म्हणून काही झालं नाही. पाकबेंगचा काठ मात्र उभा चढ आहे. तिथे सॅक पाठीवर घेऊन पट्टा आवळला आणि पहिल्यांदा काकांची आठवण काढली. माझ्यापुढची मुलगी सत्तर लिटरची सॅक घेऊन तीनदा थांबली.

लुआंग प्रबांगहून व्हिएंतियान ट्रेनने. ही लाइन डिसेंबर 2021 मध्ये सुरू झाली. रस्त्याने दिवस खाणारा प्रवास आता दोनेक तासांत होतो. स्टेशनवर विमानतळासारखी तपासणी असते आणि कात्री, चाकू, स्प्रेचे डबे बाहेर काढायला लावतात. माझी कात्री गेली. सॅकच्या तळाशी होती, तरी पुढून उघडत असल्यामुळे दहा सेकंदांत काढून दिली. मागच्या रांगेनेही मनातल्या मनात आभार मानले असतील.

आता वाईट गोष्टी.

व्हिएतनाममध्ये रात्रीच्या स्लीपर बसमध्ये चढताना बूट काढून पिशवीत घालायचे असतात आणि मोठं सामान खालच्या डिकीत. त्या डिकीत माणसांच्या सामानाबरोबर पार्सलंही जातात. हनोईहून निघालेल्या अशाच एका बसमध्ये कुणाचा तरी फिश सॉसचा कॅन फुटला. सकाळी सॅक हातात आली तेव्हा पाठीकडची गादी चिंब. फिश सॉस म्हणजे मासे मिठात महिनोन्‌महिने मुरवून काढलेलं पाणी. मी सुकट-बोंबील खाणाऱ्या घरातली, नाक मुरडणाऱ्यातली नाही. तरीसुद्धा सांगते, तो वास पाठीला चिकटवून तीन दिवस फिरणं ही शिक्षा होती. दोष सॅकचा नाही, पण पाठीची गादी काढून धुता येत नाही, हा दोष सॅकचाच. साबण, व्हिनेगर, ऊन, सगळं झालं. परत आल्यावर आईने दार उघडलं आणि पहिलं वाक्य, "सुकट आणलीस का गं?"

पावसाचं म्हणाल तर सोबत मिळणाऱ्या रेन कव्हरवर विसंबू नका. ते फक्त पुढची बाजू झाकतं. आपल्या पाठीवरून ओघळलेलं पाणी गादीतून आत शिरतं. व्हिएतनाममधल्या हुए शहरात जानेवारीतही रिपरिप चालूच होती, तिथे कव्हर लावूनही खालचे दोन टीशर्ट ओले निघाले. सह्याद्रीत पावसाळी ट्रेक करणाऱ्यांना उपाय ठाऊक आहे: आत एक मोठी जाड प्लास्टिकची पिशवी, सगळं तिच्यात, तोंडाला पीळ. मीच शहाणपणा करून ती घरी ठेवली होती. हुएच्या बाजारातून घेतली आणि शेवटपर्यंत वापरली.

उत्तर व्हिएतनाममधल्या ‘हा जियांग’ला मात्र सॅकने कमाल केली. चीनच्या सीमेजवळचा हा डोंगराळ भाग लोक बाईकने फिरतात, तीन-चार दिवस. मी स्वतः चालवली नाही. आपला आंतरराष्ट्रीय परवाना रस्ते वाहतुकीच्या 1949 च्या करारानुसार मिळतो आणि व्हिएतनाम 1968 चा मानतो, त्यामुळे अपघात झाला तर विमाही हात वर करतो. म्हणून बाईकवाल्यासकट बाईक घेतली. त्याने सॅक प्लास्टिकमध्ये गुंडाळली, रबरी दोराने मागे आडवी करकचून बांधली, आणि मा पी लेंगच्या घाटात ती माझ्या पाठीला टेकू झाली. डिसेंबरची थंडी, खाली हिरवी न्यो क्वे नदी, आणि मी सॅकला रेलून बसलेली. इतका आराम मला कुठल्याच बसमध्ये मिळाला नाही.

चेनचं प्रकरण होई आनमध्ये झालं. मुख्य चेन ओढली की मागे दात उघडेच राहायचे. पुढून उघडणाऱ्या सॅकची चेन गेली म्हणजे सॅकच गेली, वरून आवळायला दोरी नसते. आणि दिवस कुठला? टेटच्या आदला. व्हिएतनामी नवं वर्ष 2025 मध्ये 29 जानेवारीला होतं आणि त्या आठवड्यात सगळं बंद. होई आन शिंप्यांसाठी प्रसिद्ध, गल्लीगल्लीत शिवणाची दुकानं, आणि प्रत्येकाचं शटर खाली. एक बाई दारात कुमक्वाटचं झाड मांडत होत्या. मी सॅक दाखवली. त्यांनी मान हलवली, आत गेल्या, पक्कड घेऊन आल्या. चेनचा रनर दोन्ही कडांनी हलकेच दाबला, आधी डावी, मग उजवी. मेणबत्ती दातांवरून घासली. चेन लागली. पैसे घेईनात. नव्या वर्षाच्या तोंडावर पैसे घेऊ नयेत असं काही असावं, किंवा माझा चेहराच तसा झाला असेल.

हे तंत्र शिकून घ्या. बहुतेक वेळा चेन खराब होत नाही, रनर झिजून सैल होतो आणि दात एकमेकांत बसवू शकत नाही. दाबून तो महिना-दोन महिने चालतो. माझा मलेशियापर्यंत चालला. परत आल्यावर दादर स्टेशनबाहेर बसणाऱ्या चेनवाल्याने नवा रनर घातला, चाळीस रुपयांत, पाच मिनिटांत. वर ऐकवलंही: "मॅडम, साडेसहा हजारांची बॅग आणि रनर हलका टाकलाय." कंपनीला मी मेल केला होता. दुरुस्ती होईल, पण सॅक स्वखर्चाने पाठवा, असं उत्तर आलं. चाळीस रुपयांसाठी कोण पाठवणार.

कंबोडियात सॅक जास्त वेळ खोलीतच पडून होती. अंकोरचा तीन दिवसांचा पास 62 डॉलरचा, आणि तो दहा दिवसांत कुठल्याही तीन दिवशी वापरता येतो. मी एक दिवसाआड गेले. देवळांत फिरायला खांद्यावर शबनम पुरली, त्यासाठी वेगळी छोटी बॅग घेऊ नका. डॉलरच्या नोटा मात्र कोऱ्या करकरीत न्या. कोपरा फाटलेली नोट माझ्याकडून कुणी घेतली नाही.

बँकॉकहून मलेशियाच्या सीमेवरच्या पडांग बेसारपर्यंत रात्रीची ट्रेन, तिथे एकाच स्टेशनात दोन्ही देशांचे शिक्के, मग लोकल ट्रेनने बटरवर्थ आणि फेरीबोटीने पेनांग. तिथल्या जॉर्ज टाउन शहरात तमिळ पाट्या बघून इतकी घरी आल्यासारखी झाले की सॅक दोन आठवडे उघडलीच नाही, कोपऱ्यात बंद ठेवली. काढली तेव्हा खांद्याच्या पट्ट्यांवर पांढरी बुरशी. जुलैतलं मुंबईचं कपाट उघडल्यासारखं वाटलं. सॅकच्या आत पाणी अडवणारा जो प्लास्टिकचा थर असतो, तो दमट हवेत बंद राहिला की चिकट होतो आणि मग पापुद्रे सुटतात. माझ्या सॅकच्या एका कोपऱ्यात ते सुरू झालंय. तेव्हा सॅक ठेवायची ती रिकामी, चेन उघडी, वारा लागेल अशी.

आज ती बाल्कनीत दांडीवर टांगलेली आहे. एका बाजूच्या बक्कलाचा दात तुटलाय, कमरपट्ट्याचे खिसे इतके छोटे आहेत की फोन कधीच गेला नाही, आणि पावसाळी हवेत तो वास अजून हलकासा येतो. शिवण मात्र एकही उसवलेली नाही. पुन्हा घेईन का? घेईन, गादी धुता येणारं मॉडेल निघालं असेल तर ते.

परवा मामेबहीण आली होती, हरिश्चंद्रगडासाठी सॅक मागायला. पोरगी पाच फूट नऊ इंच, व्हॉलीबॉल खेळणारी. मी मोजपट्टी काढली आणि तिला मान खाली घालायला सांगितली. पाठ भरली 50. सॅक दिली नाही. शनिवारी तिला घेऊन दादरला जायचंय.