चार रंगांचं ग्रो लाइट पॅनेल: काही महिने वापरल्यानंतर

ग्रो लाइट, म्हणजे घरात रोपं वाढवायचा दिवा, घेताना सगळे डोकं खपवतात ते रंगावर. काही महिने वापरल्यावर माझं मत असं झालंय की रंगाचा नंबर दुसरा लागतो. रोप किती वाढणार हे मुख्यतः प्रकाश किती मिळतो त्यावर ठरतं. ते बुटकं, भरदार होणार की लांबुडकं, हे रंगावर.

माझं पॅनेल चार रंगांचं आहे: पांढरा, निळा (तरंगलांबी ४५० नॅनोमीटर), लाल (६६०) आणि फार-रेड, म्हणजे लालच्या पलीकडचा (७३०). प्रत्येकाला वेगळा नॉब. ऊन अजिबात न येणाऱ्या खोलीत रॅकवर टांगलंय आणि खाली लेट्यूस, बेसिल, टोमॅटोची रोपं.

आधी लाल-निळ्या दिव्यांच्या जांभळ्या उजेडाबद्दल. हरितद्रव्य निळा आणि लाल प्रकाश जास्त शोषतं, हिरवा परत पाठवतं, म्हणून हिरवा वाया, असं आपण शाळेपासून ऐकत आलोय. लाल-निळे दिवे याच जोरावर विकले जातात. पण ते प्रसिद्ध आलेख हरितद्रव्य पानातून काढून द्रावणात विरघळवून मोजलेले आहेत. अख्खं पान हिरव्या प्रकाशाचाही बराच मोठा भाग शोषून घेतं. संशोधक कीथ मॅक्री यांनी १९७२ मध्ये बऱ्याच पिकांच्या पानांवर मोजमापं प्रसिद्ध केली, त्यात हिरव्या प्रकाशातही प्रकाशसंश्लेषण बऱ्यापैकी चालतं हे स्पष्ट दिसतं. उजेड जोरदार असेल तर लाल-निळा पानाच्या वरच्या थरातच अडतो आणि हिरवा खालच्या पेशींपर्यंत पोचतो.

रोजच्या वापरात मात्र जांभळ्याचा खरा वैताग वेगळाच आहे. त्या उजेडात पानं काजळीसारखी काळी दिसतात. बेसिल छान चाललंय असं वाटत होतं. पांढरा नॉब फिरवला तेव्हा कळलं की खालच्या पानांच्या शिरा हिरव्या आहेत आणि मधला भाग पिवळा पडलाय. मॅग्नेशियम कमी पडल्याची नेहमीची खूण, पण जांभळ्यात तिचा पत्ताच नव्हता. मावाही तसाच लपतो. नुसतं लाल-निळं पॅनेल असेल तर रोपं तपासायला साधा पांढरा दिवा जवळ ठेवाच.

रंगाचा परिणाम उघड्या डोळ्यांनी बघायचा असेल तर लाल कडांचं लेट्यूस लावा. एकाच पाकिटातलं बी दोन ट्रेमध्ये पेरलं. एकावर फक्त लाल, दुसऱ्यावर लालसोबत भरपूर निळा. नुसत्या लालमधली पानं लांबट, मऊ, आडवी पडलेली आणि शेवटपर्यंत हिरवीच राहिली. निळ्यातलं रोप बसकं, पानं जाड, कडा गडद लालचुटूक. दिसायला निळं केव्हाही सरस, पण पसारा कमी. याचं कारण असं की निळा प्रकाश रोपासाठी अन्न बनवण्यापुरता नसतो, तो सूचनाही देतो: खोड आखूड ठेव, पर्णरंध्रं उघड, पानात रंगद्रव्य भर. त्यासाठी तो थोडासा असला तरी भागतं. अंतराळ स्थानकावर २०१४ मध्ये बसवलेल्या ‘व्हेजी’ या यंत्रणेत लाल, निळे आणि हिरवे असे तिन्ही एलईडी आहेत. तिथलं लाल रोमेन लेट्यूस अंतराळवीरांनी ऑगस्ट २०१५ मध्ये खाल्लं. त्यातला हिरवा मुख्यतः भाजी माणसाच्या डोळ्यांना भाजीसारखी दिसावी म्हणून, हे मला फार आवडलं.

फार-रेडचा नॉब सगळ्यात गमतीशीर. चालू केला तरी मंद, मळकट लाल ठिपके दिसतात, दिवा बिघडलाय असंच वाटतं. आपल्या डोळ्यांना ७३० जेमतेम दिसतं. रोपाला मात्र व्यवस्थित दिसतं. अमेरिकेत बेल्ट्सव्हिलच्या शास्त्रज्ञांनी १९५२ मध्ये लेट्यूसच्या बियांवर दाखवलं होतं की लाल प्रकाशाने बी रुजतं, लगेच फार-रेड दिला तर थांबतं, आणि आलटून पालटून दिले तर शेवटी कुठला दिला त्यावर निकाल लागतो. त्यामागचं रंगद्रव्य म्हणजे फायटोक्रोम. वरची पानं लाल शोषतात आणि फार-रेड खाली सोडतात, म्हणून फार-रेड वाढला की रोप समजतं, डोक्यावर कुणाची तरी सावली आलीय, आता उंच व्हायला हवं. टोमॅटोच्या रोपांवर हा नॉब अर्धा ठेवला तर पानांचे देठ वर उचलले गेले आणि दोन पेरांमधलं अंतर वाढून रोपं काडीसारखी झाली. लेट्यूसला किंचित दिला तर पानं रुंद होतात, तिथे तो कामाचा. रोपवाटिकेसाठी बंदच बरा.

आता तक्रारी. खोक्यावर छापलेले वॅट आणि प्लगवर मोजलेले वॅट यात जमीन-अस्मानाचा फरक निघाला. माहितीपत्रकात लुमेन दिलेत, ते माणसाच्या डोळ्याचं माप. ५५५ नॅनोमीटरच्या हिरवट पिवळ्याला त्यात सर्वाधिक वजन मिळतं, लाल आणि निळ्याला फारच कमी. झाडांसाठी ४०० ते ७०० नॅनोमीटरमधले फोटॉन मोजायला हवेत आणि तो आकडा फक्त पॅनेलच्या मध्याखालचा दिलाय. कोपऱ्यातले ट्रे साहजिकच मागे पडतात, मी ते फिरवत राहते. मोबाइलच्या लक्समापकावर लाल-निळ्या उजेडाचा अंदाज बांधू नका, आकडा भलताच येतो. ड्रायव्हर, म्हणजे एलईडींना वीज पुरवणारा भाग, बारीक गुणगुणतो आणि वीज गेली की टायमर सगळं विसरतो.

सध्या पांढरा पूर्ण, लाल अर्धा, निळा बंद, असं ठेवलंय. पांढरा एलईडी मुळात निळ्याच चिपवर फॉस्फर (निळ्याचा काही भाग इतर रंगांत बदलणारा लेप) लावून बनतो, त्यामुळे लागेल तेवढा निळा त्यातूनच मिळतो. दिवसाला चौदा ते सोळा तास पुरतात. टोमॅटोला तर अंधार द्यायलाच हवा, अखंड उजेडात त्याची पानं पिवळी पडून खराब होतात.

पुन्हा घ्यायचं झालं तर चार नॉबच्या फंदात पडणार नाही. पांढरा आणि लाल एवढे दोनच असलेलं, पण आकाराने मोठं आणि कोपऱ्यांपर्यंत सारखा उजेड देणारं पॅनेल घेईन. रंगांचे प्रयोग करायची हौस असेल तर मात्र हे घ्या, पैसे वसूल होतील.