स्टेनलेस म्हणून २०२ आणि पितळ म्हणून लोखंड : ७८,७८६ रुपये गेले

कंट्रोल पॅनल बनवणारे, सोलरची कामं घेणारे, छोटं वर्कशॉप चालवणारे, सगळ्यांनी हे वाचा. नटबोल्ट आणि स्पेसर (सर्किटची पाटी उचलून धरणारे छोटे खांब) यांच्या खरेदीत मला गंडवलं गेलंय : ३०४ दर्जाचं स्टेनलेस सांगून हलक्या दर्जाचं २०२ दिलं, पितळ सांगून लोखंड. तो विकणारा दुसऱ्या नावाने आजही कोटेशन पाठवत असणार याची मला खात्री आहे, म्हणून लिहितोय.

रक्कम आधी सांगतो. एसएस (स्टेनलेस स्टील) ३०४ चे एम८ × ४० हेक्स बोल्ट, नट, प्लेन आणि स्प्रिंग वॉशरसकट २,४०० सेट, १६.५० ने ३९,६०० रुपये. पीसीबी, म्हणजे ती सर्किटची पाटी, बसवायला निकेल प्लेटिंगचे पितळी हेक्स स्पेसर, एम३, २० मिमी, मेल-फिमेल, ४,००० नग, ६.४० ने २५,६००. त्यावर १८ टक्के जीएसटी ११,७३६. ट्रान्सपोर्ट १,८५०. मालाचे आणि जीएसटीचे पैसे माल निघायच्या आधी एनईएफटीने भरले. या धंद्यात नव्या पार्टीला कोण उधार देतो? सगळे आधीच भरतात.

दरही संशय यावा इतका कमी नव्हता. बाजारापेक्षा रुपया-दीड रुपयाच खाली होता. सॅम्पल चांगलं दाखवून माल भलताच पाठवायचा, ही तऱ्हा मला माहीत होती. म्हणूनच सॅम्पल आल्यावर मी स्पेसरवर कानस मारली होती. आत स्वच्छ पिवळं पितळ. बोल्टच्या डोक्यावर ‘ए२-७०’, म्हणजे ३०४ ची ग्रेड, आणि शेजारी कंपनीची खूण. यापेक्षा जास्त काय तपासायचं असतं?

मालासोबत मटेरियल टेस्ट सर्टिफिकेट आलं. आणि इथेच, याच कागदावर, सगळं लिहिलेलं होतं. बोल्ट, नट आणि वॉशर, तिघांचा हीट नंबर, म्हणजे पोलादाच्या ओतीचा क्रमांक, एकच. बोल्ट बनतो तारेतून, वॉशर पत्र्यातून पंच होतो. पोलादाच्या एकाच ओतीतून तार पण निघाली, पत्रा पण निघाला, आणि दोन्ही याच माणसाच्या गोदामात येऊन पडले? तो कागद माझ्या टेबलावर होता, त्यावर मीच ‘मिळाले’ म्हणून सही केली. आज तो आकडा आठवला की डोकं तडकतं. पण खरं सांगा, ट्रान्सपोर्टवाला दारात हमालीसाठी ओरडतोय, साइटवरून फोन येतायत, अशा वेळी तुमच्यापैकी किती जण हीट नंबर ताडून बघतात?

आमच्या फिटरने मात्र पेटी उघडताच बोल्ट हातात घेऊन विचारलं, “दादा, याच्यावर कंपनीची खूण कुठाय?” ए२-७० ठळक होतं, खूण नव्हती. हेक्स बोल्ट एम५ किंवा त्याहून मोठा असेल तर डोक्यावर ग्रेडबरोबर उत्पादकाची खूण हवी, असं आयएसओ ३५०६ सांगतं. मी लगेच फोन लावला. “साहेब, लॉट बदलला, डाय बदलली, माल तोच.” मग चुंबक लावला तर स्पेसर टपाटप चिकटले. त्यावर उत्तर तयार : “निकेल आहे ना वर, थोडं चिकटणारच.” अर्धसत्य बोलणाऱ्या माणसाइतका धोकादायक कुणी नाही. निकेल चुंबकाला चिकटतं हे खरं आहे, पण प्लेटिंगचा थर काही मायक्रॉनचा असतो. तो फार तर किंचित ओढ दाखवेल, आख्खा स्पेसर उचलून धरणार नाही. तेव्हाच कानस घ्या आणि पिशवीतले चार-पाच नग घासा. सॅम्पल घासून उपयोग नाही, आलेला माल घासा.

पावसाळ्यात खाडीकाठच्या एका कोळंबी प्रकल्पावरून फोन आला. एरेटरच्या (तळ्याच्या पाण्यात हवा मिसळणाऱ्या यंत्राच्या) पॅनलचा अलार्म बंद पडला होता. एरेटर थांबले आणि कळलंच नाही, तर तळ्यातला ऑक्सिजन संपून कोळंबी मरते. राखणदार जागा होता म्हणून निभावलं. पॅनल उघडलं तर चारही स्पेसरच्या बुडाशी तांबडी कडी, आणि एका जागी तो गंज ओघळून पीसीबीच्या ट्रॅकवर उतरलेला. स्क्रू काढला तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. आतले आटे तीन-चार फेऱ्यांपुरतेच पाडलेले, पुढे नुसतं भोक. ड्रॉइंगमध्ये मी ८ मिमी खोल आटे लिहून दिले होते. बाहेर पॅनल ज्या बोल्टवर उभं होतं तेही तपकिरी. विकणारा म्हणाला, “समुद्राजवळ ३०४ लाही डाग पडतात.” हेही अर्धसत्यच. डाग पडतात, म्हणूनच खाऱ्या हवेत ३१६, म्हणजे ए४, वापरायला हवं. मी तसं सुचवलंही होतं, ग्राहकाचं बजेट ३०४ चं होतं. पण हे ३०४ नव्हतंच. लॅबला २,८३२ रुपये भरून स्पेक्ट्रो टेस्ट केली : मँगनीज ९.१ टक्के, निकेल ४.२. ३०४ मध्ये निकेल किमान ८ हवं आणि मँगनीज २ च्या आत. हे सरळ सरळ २०२.

एक लक्षात ठेवा, स्टेनलेसला चुंबक लावून काही कळत नाही. २०२ पण चिकटत नाही, आणि खरा ३०४ चा बोल्ट थंड घडवलेला असल्याने थोडा चिकटू शकतो. बॅटरी लावून थेंब टाकायचं किट मिळतं, २०० सिरीज असेल तर थेंब लालसर होतो. ते घेऊन ठेवा.

आता दाद कुठे मागायची ते ऐका. सायबर हेल्पलाइनवर सांगितलं, माल पोचलाय, बिल आहे, मग ही ऑनलाइन फसवणूक कशी? पोलीस ठाण्यात गेलो. “साहेब, माल आला ना? मग हा दिवाणी मामला.” मी म्हटलं, पितळ सांगून लोखंड देणं ही फसवणूक नाही का? भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ कशासाठी आहे? हवालदाराने स्पेसर हातात घेऊन फिरवला आणि विचारलं, “एवढ्याशा वस्तूसाठी?” एवढीशी वस्तू! त्यावर लोकांची लाखोंची पिकं अवलंबून असतात. मग म्हणाले आरोपीचा पत्ता मुंबईचा, तिकडे जा. गुन्हा कुठेही नोंदवता येतो असा कायदा आहे, तो यांना मी सांगायचा? ग्राहक आयोगाचं वकिलांना विचारलं तर व्यापारी हेतूने घेतलेल्या मालाला ग्राहक संरक्षण कायदा लागत नाही. स्वतःच्या रोजगारासाठी घेतला असेल तर सूट आहे, पण माझ्याकडे कामगार आहेत, म्हणजे ते सिद्ध करण्यात वर्षं जाणार. आणि कळस म्हणजे जीएसटी. त्याने रिटर्नच भरलं नाही, माझ्या २बी मध्ये (पोर्टलवरच्या माझ्या खरेदीच्या यादीत) बिल दिसत नाही, त्यामुळे ११,७३६ चं क्रेडिटही, म्हणजे भरलेल्या कराची वजावटही, गेली. कर मी भरला, खाल्ला त्याने, आणि शिक्षा मला! पुढे त्याची नोंदणी रद्द झाली, ती लागलीच का नाही झाली, याचं उत्तर कुणाकडे नाही. नवे बोल्ट, नवे स्पेसर, बदलायची मजुरी हा खर्च वेगळाच.

नव्या पार्टीचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकून नुसता ‘ॲक्टिव्ह’ बघू नका, मागची रिटर्न भरलीत का ते बघा, तिथेच दिसतं. माल पोचल्यावर टेस्ट करून उरलेले ३० टक्के देईन असं पीओवर, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरवर, लिहा. नाही म्हणाला तर सोडून द्या. शंभर स्पेसर वजन करा. लोखंड पितळापेक्षा सुमारे ७ टक्के हलकं भरतं. फोनवर बोललेलं लगेच व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा.

ठाण्यात तक्रार घेत नसतील तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज पोस्टाने पाठवता येतो, तिथेही दखल घेतली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे. मी अर्ज पाठवलाय, सोबत लॅबचा रिपोर्ट, तो सर्टिफिकेटचा कागद आणि कानस मारलेले स्पेसर सीलबंद जोडलेत. असाच माल कुणाला आला असेल तर एकही नग फेकू नका, पेटीवरचं लेबल आणि ट्रान्सपोर्टची पावतीसुद्धा जपून ठेवा, आणि आपापल्या जिल्ह्यात लेखी अर्ज द्या.