रस्सा नसलेलं रामेन: कोथरूडमध्ये आठ महिने खाऊन झाल्यावर

जानेवारीत कोथरूडच्या रामेनच्या (जपानी नूडल्सच्या) हॉटेलात पहिल्यांदा गेलो तेव्हा माझेसोबाचा बाऊल समोर आल्यावर मी वाढणाऱ्या पोराला विचारलं होतं की रस्सा मागून येतो का. त्यात माझं काय चुकलं सांगा, मिसळीच्या गावात वाढलेला माणूस, सॅम्पल वेगळं येणार हे धरूनच चालतो. पोरगा हसला नाही हा त्याचा चांगुलपणा, एवढंच म्हणाला की सर याला रस्सा नसतोच, खालून मिक्स करा. मी आपल्या वरवर दोन-चार वेळा चॉपस्टिक्स फिरवल्या आणि सुरू केलं, तर वरचे नूडल्स फिक्के, तळाशी पोचलो तर नुसतं खारट आणि तेल. ४२० रुपये पाण्यात, पाणी पण नाही त्यात, असं बडबडत घरी आलो.

परत गेलो ते मामेबहिणीमुळे. ती जपानी शिकते (पुण्यात प्रत्येक घरात एक तरी जपानी किंवा जर्मन शिकणारं असतंच) आणि तिनं माझी पार काढली. दादा, अरे नावातच आहे ना, माझेरु म्हणजे कालवणं. मेनूवर माझेसोबा असं छापलंय, मला आधी वाटलेलं कुणीतरी मराठीत गंमत केलीय, माझे सोबा, मग तुझे कुठंयत. तर ती म्हणाली दहीभात कालवतोस तसं कालव, लाजू नकोस, आणि स्वतः बाऊल धरून चांगली अर्धा मिनिट तळापासून वर, तळापासून वर करत राहिली. त्या दिवशी मला कळलं की पहिल्या वेळी मी हा पदार्थ खाल्लाच नव्हता.

भानगड अशी आहे की साध्या रामेनमध्ये चव सूपमध्ये असते, इथे सूपच नाही, मग तळाशी सोया सॉसचं दाट मिश्रण असतं ज्याला तारे म्हणतात, त्यावर स्वादाचं तेल, त्यावर गरम नूडल्स, आणि वरती खिमा, कांद्याची पात, नोरी (समुद्री शेवाळाचा पापुद्रा), माशाची पावडर, लसूण, अंड्याचा बलक. हे सगळं एकमेकांत गेलं की बलक आणि नूडल्सचा स्टार्च मिळून जो काय लगदा, म्हणजे चांगल्या अर्थानं लगदा, नूडल्सला धरून बसतो ना, तोच यातला रस्सा. म्हणून हे नूडल्स जाड असतात आणि आपल्या हक्का नूडल्ससारखे गार पाण्यात धुवून तेल लावून ठेवत नाहीत, धुतले तर चिकटायला काही उरणारच नाही. त्यांचा तो पिवळसर रंग आणि चावताना येणारी उसळी कानसुईमुळे, म्हणजे पापडखाराच्या जातीचंच अल्कली असतं ते. आईला हे सांगितलं तर ती म्हणे मग पापडाचं पीठच खातोस म्हण की. सोबा म्हणजे खरं तर कुट्टूचे, पण हे गव्हाचेच आहेत, उपासाला चालतील का असं विचारू नका, मी विचारून झालोय.

मेनूत दोन प्रकार आहेत. एक आबुरासोबा, साधा, तारे आणि तेलाचा, हा टोकियोकडचा जुना, १९५० च्या दशकातला, विद्यार्थ्यांच्या वस्त्यांजवळ सुरू झालेला म्हणतात. तो अर्धा झाल्यावर वरून व्हिनेगर आणि तिखट तेलाची धार सोडायची असते, टेबलावर बाटल्या असतात त्या त्यासाठीच. दुसरा तैवान माझेसोबा, आणि हा तैवानचा नाहीच, नागोयाचा आहे, २००८ चा. तिथला एक दुकानदार तैवान रामेनसाठी तिखट खिमा करत होता, मनासारखा जमेना म्हणून टाकून द्यायला निघाला, तर कामाला असलेल्या कुणीतरी म्हटलं नुसत्या नूडल्सवर घालून बघा. आणि ते तैवान रामेन पण तैवानचं नाही, तेही नागोयाचंच, तिथे हॉटेल काढलेल्या एका तैवानी माणसानं केलेलं. आपल्याकडच्या मंचुरियनला चीनमध्ये कोण ओळखतं, तसंच झालं हे.

मूळचा खिमा पोर्कचा, इथे चिकनचा मिळतो, चालतंय, पण चिकनला चरबी कमी म्हणून शेवटी शेवटी कोरडं लागतं. कच्चा बलक मात्र मी बंद केला. जपानात अंडी कच्ची खायच्या हिशोबानंच विकतात, पाकिटावरची तारीख पण कच्चं खाण्यासाठीची असते, आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानातल्या ट्रेचं तसं नाही. मी अर्धवट उकडलेलं मागतो, देतात न कुरकुरता. श्रावणात मश्रूम आणि तोफूचा घेतला, अपेक्षा काही नव्हती, पण मश्रूम चांगले करपवून परतलेले होते आणि माशाच्या पावडरीची उणीव बऱ्यापैकी भरून निघाली. आईनं पण चार घास खाल्ले आणि शेजवानपेक्षा बरंय म्हणाली, तिच्याकडून एवढं म्हणजे खूप झालं.

सगळ्यात आवडतं ते शेवटचं. नूडल्स संपल्यावर तळाशी जो मसाला उरतो त्यात वाटीभर भात घालून पुसून खायचा, त्याला ओइमेशी म्हणतात. आधी हा भात फुकट होता, जूनपासून ४० रुपये लावलेत आणि बाऊल ४८० चा झालाय, आणि याचा मला जास्त राग आहे, भाव वाढवा पण भातावर काय पैसे लावता. माशाची पावडर पण हल्ली हात आखडता घेऊन टाकतात, दोनदा तर मागून घ्यावी लागली.

पार्सल अजिबात नका मागवू. मी पावसात दोनदा मागवलं, वीस मिनिटांत नूडल्सचा एकसंध गोळा, डब्याच्या आकाराचा, सुरीनं कापता आला असता. रस्सा असता तर निदान सुटे झाले असते. गरम पाण्याचे दोन चमचे घालून थोडं सुधारतं पण मग चव पातळ.

एसीच्या खाली बसू नका, पटकन गार होतं आणि तेल थिजतं. शनिवार-रविवार पाऊण तास वेटिंग आणि गाडी लावायला जागा नाही, मी मंगळवारी सातच्या आत जातो. परवा शेजारच्या टेबलावर एक काका त्या पोराला विचारत होते, रस्सा कधी आणताय.